डोळे कोरे का ठेवायचे?

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत. जागा रिकामी आहे, त्यामुळे तो तास ज्याच्या वेळापत्रकात मोकळी जागा असेल त्याच्या गळ्यात पडतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वाट्याला आठवीचे चित्रकलेचे दोन तास आले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही उर्दू माध्यमाची शाळा.

एके दिवशी मी मुलांना सांगितलं, "घरातल्या एका माणसाचं चित्र काढून आणा." बहुतेकांनी लांबून दिसणारी माणसं आणली. कुणी पाठमोरी, कुणी काडीसारखी. एका मुलीने मात्र तिच्या दादीचा चेहरा काढला होता. डोक्यावरची ओढणी, कानातल्या बाळ्यांनी ओघळलेल्या कानाच्या पाळ्या, तोंडाभोवतीच्या सुरकुत्या, सगळं बारकाईने काढलेलं. फक्त डोळ्यांच्या जागी कोरा कागद होता. मी विचारलं तर ती हळूच म्हणाली, "सर, आंखां बनाए तो गुना होता ना? अब्बू बोले."

मी काय म्हणालो असेन? "ठीक आहे, राहू दे." घंटा झाली, मी सुटलो.

ते 'राहू दे' मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. मला मुलीच्या अब्बूंचा राग आला नव्हता. टोचत होतं ते वेगळंच. शिक्षक म्हणून मी तिला ना दीनच्या अंगाने नीट उत्तर दिलं, ना चित्राच्या अंगाने. आणि चित्राच्या अंगाने देऊही शकलो नसतो, कारण मला स्वतःला डोळा काढता येत नव्हता. बीएडला फळ्यावरच्या आकृत्या काढायला शिकलो होतो, तेवढीच माझी चित्रकला.

म्हणून मी ठरवलं की आधी शिकायचं, मग बोलायचं. शंभर पानी कोरी वही घेतली, एचबी, टूबी आणि फोरबी अशा तीन पेन्सिली घेतल्या आणि रोज रात्री जेवणानंतर एक डोळा काढायचा असा नियम केला. पूर्ण चेहरा नाही, फक्त एक डोळा. चेहऱ्यात आपण जे आधी बघतो आणि ज्याच्यावरून माणूस ओळखतो ते डोळेच. तिथे चुकलं की नाक-ओठ कितीही बरे असोत, चित्रातला माणूस अनोळखी होतो.

पहिले दहा-बारा डोळे मी आज काढून बघतो तेव्हा हसू येतं. ते सगळे एकाच माणसाचे आहेत. खरं तर माणसाचे नाहीतच, माशाचे आहेत. दोन कमानी, मध्ये गोल, गोलात काळा ठिपका आणि वर उन्हाच्या किरणांसारख्या उभ्या पापण्या. समोर आरसा होता, पण मी आरशात बघतच नव्हतो. लहानपणी पाटीवर काढलेला डोळा माझ्या डोक्यात बसला होता आणि हात तोच उतरवत होता.

इथे मला आमच्याच परंपरेतला एक शास्त्रज्ञ आठवला. बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला इब्न अल-हैसम. अकराव्या शतकात त्याने 'किताबुल मनाझिर' लिहिलं. त्याच्याआधी युक्लिड आणि टॉलेमीसारखे मोठे लोक मानत होते की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं. इब्न अल-हैसमने ते उलटं केलं. प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात येतो, असं त्याने मांडलं. त्याचा एक मुद्दा अगदी साधा होता. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. मी माझ्या वहीकडे बघून म्हणालो, हजार वर्षं झाली तरी आपण जुन्याच मताचे आहोत. आपल्या डोळ्यातून, डोक्यातून काहीतरी बाहेर फेकतो आणि समोरच्यावर चिकटवतो. समोरून येणारं आत घेतच नाही.

मग मी ज्या वाटेने अक्षर शिकवतो त्याच वाटेने डोळ्याकडे गेलो. उर्दू शिकवणाऱ्याला ही वाट जवळची आहे. 'ऐन' या अक्षराचा अरबीत अर्थच डोळा. त्याच शब्दावरून ऐनक आला, आणि फारसीतल्या 'चश्म'वरून आपला मराठी चष्मा आला. पहिलीतल्या मुलाला मी 'दोचश्मी हे' शिकवतो, म्हणजे दोन डोळ्यांचा 'हे'. तो 'बे'ला जोडला की 'भ' होतो आणि 'पे'ला जोडला की 'फ'. हे अक्षर मुलं डोळे काढल्यासारखंच काढतात आणि त्याला कुणी गुनाह म्हणत नाही.

खत्तातीत अक्षर अंदाजाने काढत नाहीत, मोजून काढतात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकलाने अक्षरांचं प्रमाण ठरवलं. कलमाच्या टोकाने पडलेला नुक्ता हे त्याचं माप. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बाकीची अक्षरं त्याच्या हिशोबात किती, हे सगळं त्यावरून ठरतं. चेहऱ्याचंही तसंच असतं हे मला शिकताना कळलं. तिथे माप म्हणजे डोळा. समोरून पाहिलं तर चेहरा साधारण पाच डोळ्यांइतका रुंद असतो. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढी जागा असते. आणि डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्या उंचीवर असतात. माझ्या वर्गातली सगळी मुलं ते कपाळावर काढतात, मीही तसेच काढत होतो. कपाळ आपल्याला महत्त्वाचं वाटत नाही, म्हणून आपण ते कापतो. हे माप पहिल्यांदा टाकलं त्या रात्री माझा चेहरा एकदम माणसाचा दिसायला लागला.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी बाकीच्या गोष्टी सांगतो, कारण या मला कुणी सांगितल्या असत्या तर माझी चाळीस पानं वाचली असती.

डोळा हा चपटा बदाम नाही, खोबणीत बसलेला गोळा आहे. पापण्या त्या गोळ्यावर पांघरलेल्या असतात, म्हणून त्यांची रेघ सपाट जात नाही, गोळ्यावरून वळून जाते. पापणीला जाडी असते. खालच्या पापणीच्या कडेला एक बारीक, ओलसर, फिकट पट्टी दिसते, ती सोडली तर डोळा कागदावर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी मांसाचा छोटा उंचवटा असतो, तो विसरू नका.

पांढरा भाग पांढरा नसतो. ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. वरची पापणी त्याच्यावर सावली टाकते आणि दोन्ही कोपऱ्यांकडे तो करडा होत जातो. तिथे हलक्या हाताने एचबी फिरवा. बुबुळ पूर्ण गोल दिसत नाही, त्याचा वरचा थोडा भाग पापणीखाली असतो. पूर्ण गोल काढला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. बुबुळाची कड गडद असते, आतला रंग वरच्या बाजूला सावलीमुळे गडद आणि खालच्या बाजूला उजळ. मधली बाहुली सगळ्यात काळी, तिथे फोरबी दाबून वापरा.

चमक नंतर खोडून आणू नका. सुरुवातीलाच तेवढा कागद कोरा सोडा. दोन्ही डोळ्यांत ती एकाच बाजूला हवी, कारण खिडकी एकच असते. पापण्यांचे केस शेवटी काढा. ते मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक असतात, आधी थोडे खाली झुकून मग वर वळतात आणि दोन-तीनच्या झुबक्यांत असतात. मोजून सारख्या अंतरावर काढले की ब्रशच्या केसांसारखे दिसतात.

'बाहुली' हा शब्द लिहिताना मी थांबलो होतो. मराठीत डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात, हिंदी-उर्दूत पुतली. फारसीत मर्दुमक, म्हणजे छोटा माणूस. अरबीत इन्सानुल ऐन, डोळ्यातला माणूस. लॅटिनमधला शब्दही छोट्या बाहुलीचाच आहे. एवढ्या लांबच्या भाषांना एकच गोष्ट सुचली, कारण जवळ जाऊन कुणाच्या डोळ्यात पाहिलं की तिथे एक चिमुकला माणूस दिसतो. तो आपण स्वतः असतो. पण त्यासाठी तेवढं जवळ जावं लागतं.

आणि आपण तेवढं जवळ जात नाही. आपल्या घरांतला अदब असा की मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. परक्यांसमोर तर नजर खाली ठेवावी असं आपल्याला शिकवलंय आणि ते योग्यच आहे. मग सरावासाठी बघायचं कुणाकडे? आरशात स्वतःकडे बघून झालं, मुलगा दोन मिनिटांवर बसेना. शेवटी मी अम्मींना म्हणालो, जरा खिडकीपाशी बसा.

त्या तस्बीह घेऊन बसल्या. मी वही घेऊन समोर बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "क्या देखरा रे इत्ता?" मी म्हणालो, काही नाही, बसा. उजवा डोळा काढून झाला. बुबुळाच्या कडेने म्हातारपणी येणारं फिकट निळसर कडं होतं, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग डावा घेतला. बुबुळ काढलं आणि बाहुलीवर फोरबी टेकवली. तेव्हा लक्षात आलं की समोरची बाहुली काळी नाहीच. ती राखाडी होती, दुधात पाणी घातल्यासारखी.

मोतीबिंदू होता, आणि चांगला पिकलेला होता. अम्मींना त्या डोळ्याने फारसं दिसतच नव्हतं. भिंतीला हात लावत चालायच्या, तांदूळ मुलीकडून निवडून घ्यायच्या, कुराणशरीफ उघडून ठेवायच्या पण आयती पाठ होत्या म्हणून चालून जायचं. हे सगळं मी रोज बघत होतो आणि वय झालं म्हणून सोडून देत होतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं, महिन्याभरात ऑपरेशन झालं. आता त्यांना बरं दिसतं, अल्लाहचे शुक्र.

मी आजवर दोन्ही घास त्यांच्या हातचे खाल्ले, रोज सलाम केला, रोज 'तबियत कैसी है' विचारलं. पण त्यांच्या डोळ्याकडे पंधरा मिनिटं सलग पाहिलं ते चित्र काढायला बसलो तेव्हाच. म्हणून मला आता डोळा काढण्याचा सराव हा नुसता चित्रकलेचा विषय वाटत नाही. तो बघण्याचा सराव आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न मी टाळणार नाही, आणि तो हास्यास्पद आहे असंही म्हणणार नाही. सजीवांची चित्रं काढणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत. जे घडवलंत त्यात आता जान घाला, असं त्यांना कयामतच्या दिवशी सांगितलं जाईल, या अर्थाची रिवायत बुखारीत आहे. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितलं, हेही आहे. मुलीच्या अब्बूंनी हे हवेतून आणलेलं नाही.

पण याच परंपरेत दुसऱ्या गोष्टीही आहेत. कुराणात सूरह सबामध्ये हजरत सुलेमान यांच्यासाठी जिन्न ज्या वस्तू बनवत त्यांत 'तमासील'चा, म्हणजे प्रतिमांचा उल्लेख येतो. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांची, त्यातल्या पंख असलेल्या घोड्याची हदीस आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी लिहिलं की मूर्तिपूजेची भीती उरलेली नसेल तर चित्र हे ज्ञानाचं साधन आहे. अनेक उलेमांना हे मान्य नाही. म्हणजे मतभेद आहे, आणि जिथे मतभेद आहे तिथे तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर 'गुनाह' हा एकच शब्द ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

मनाईमागची कारणं उलेमांनी दोन सांगितली. एक म्हणजे पूजा, दुसरं म्हणजे अल्लाहच्या निर्मितीशी बरोबरी करण्याचा गर्व. पहिलं आमच्या वर्गात नाही. दुसऱ्याबद्दल मी माझ्या अनुभवावरून बोलतो. माझ्या वहीत आता दोनशेच्या वर डोळे आहेत. त्यातल्या एकाही डोळ्याने अजून पापणी लववलेली नाही. जितकं हुबेहूब काढावं तितकं कळत जातं की आपण फक्त शिसं घासतोय. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबर बादशहाचं असंच मत नोंदवलंय. चित्रकार एकेक अवयव काढत जातो, पण त्यात प्राण घालता येत नाही हे त्याला जाणवतं आणि तो प्राण देणाऱ्याकडे वळतो, असा त्याचा आशय आहे. अकबराच्या दीनबद्दल कुणाला काय म्हणायचं ते म्हणा, पण पेन्सिल हातात धरलेल्या माणसाला ही गोष्ट पटते.

आणि आपला इतिहास कोऱ्या डोळ्यांचा नाही. मोगल चित्रकारांनी चेहऱ्यांचे प्रकारच डोळ्यांवरून पाडले होते. बाजूने काढलेला तो एकचश्म, थोडा वळलेला तो डेढ चश्म, समोरून काढलेला तो दो चश्म. आपल्याच अहमदनगरच्या निजामशाहीत 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित तयार झालं. ते आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी त्याची राणी खुन्झा हुमायूं होती. बहुतेक चित्रांतून नंतर तिची आकृती पुसून टाकली गेली. काढणारा आणि पुसणारा, दोघेही याच दख्खनचे.

पुढे कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार झाले. आज कोल्हापूरची चित्रपरंपरा त्यांच्यापासून सांगितली जाते. आमच्या जिल्ह्यात पंढरपूरला 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले, म्हणजे दहा-दहा फुटी चेहरे आणि डोळे. त्याच हुसेन यांनी मदर तेरेसांची चित्रं मात्र चेहऱ्याशिवाय काढली. ते तान्हे असताना त्यांची आई वारली होती आणि तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. तो कोरेपणा त्यांच्या दुःखातून आला. आमच्या विद्यार्थिनीची दादी मात्र घरात समोर बसलेली आहे. तिचे डोळे कोरे राहायचं काही कारण नाही.

यात व्यवहाराचाही प्रश्न आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसस्टॉप, शाळेचं मैदान, अशा विषयांत माणसं काढावीच लागतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. पुढे आर्किटेक्चर, ॲनिमेशन, फॅशन डिझाइन, इतकंच काय डॉक्टरकीच्या आकृत्या, कुठेही गेलं तरी हात लागतो. आपली मुलं फुलदाणी आणि नक्षीवर थांबली तर ती आपल्या हाताने मागे राहतील.

मुलीच्या अब्बूंना मी भेटलो. ते रिक्षा चालवतात. मी वाद घातला नाही. माझी वही दाखवली आणि अम्मींच्या डोळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "परीक्षेसाठी, शिकण्यासाठी काढू दे सर. पण घरात भिंतीवर टांगायचं नाही." मी म्हणालो, कबूल. मला ही तडजोड वाटली नाही. त्यांनी त्यांचा विश्वास सोडला नाही आणि मुलीचा हातही धरला नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी चित्र काढू नये, त्यांचा मी आदर करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मुलाला किंवा मुलीला अल्लाहने हात दिलाय, त्याला आपण शिक्षकांनी 'राहू दे' म्हणून सोडू नये. आधी आपण शिकावं, पालकांशी बोलावं, मग वर्गात यावं.

त्या मुलीने दादीचे डोळे काढले. एक जरा वर गेलाय आणि चमक दोन्हीत वेगवेगळ्या बाजूला आहे. मी लाल पेनने खूण केली नाही, फक्त म्हणालो, "दादीला खिडकीपाशी बसव आणि पुन्हा बघ."

माझ्या अम्मींना ऑपरेशननंतर मी त्यांचं चित्र दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. म्हणाल्या, "ये मेरी आंखां नै रे. ये तेरे नानी की हैं." मी नानींना पाहिलेलं नाही. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.